पेटीची शेकशेगडी

आमच्या घरी लाइट आहे, हे टेलिव्हिजनच्या त्या चष्मेवाल्या साहेबांना मी कोणी विचारलेलं नसताना सांगितलं. घरात काय काय आहे ते पाहुण्यांपुढं बोलू नये, असं रस्त्याच्या कामावरचे आमचे जुने मुकादम म्हणत. त्यांच्या घरात सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्यांना ते जमत असेल.

मुंबईहून टेलिव्हिजनवाल्यांची मोठी मोटार आमच्या गावाला, किन्हीराजाला आली होती. मागे एक ट्रक आणि ट्रकात जनरेटर. पंचायत समितीचे साहेब त्यांना गोबरगॅस दाखवायला घेऊन आले होते. गावात गोबरगॅस चार-पाच घरी झाले होते, पण बाकीच्यांच्या टाक्यांवर कोंबड्या बसत. जळत होता तो माझा. रस्त्याच्या कामावरून मुकादम म्हणून पेन्शनीत निघालो आणि त्या टाकीच्या मागं लागलो. मंजुरीसाठी मालेगावच्या ऑफिसात इतक्या खेपा घातल्या की तिथला बाबू मला त्यांचाच चपराशी समजून पान आणायला पाठवू लागला. मीही आणत असे. हे सगळं टीव्हीवर सांगावं म्हणून मी सदऱ्याला इस्त्री करून ठेवली होती.

कार्यक्रमाचे जे साहेब होते ते म्हणाले, "आजींना घेऊ. भाकरी थापताना."

"अन् मी?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही मागे दिसा. म्हैस धरून."

टाकी माझी, म्हैस माझी. शेण म्हशीचं खरं, पण उचललेलं माझं. तरी मी म्हशीच्या मागचा माणूस झालो. मी म्हशीकडं पाहिलं. तिला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

भागिरथाला, म्हणजे माझ्या बायकोला, टीव्हीचं काही कौतुक नव्हतं. ती म्हणाली, "मले नोको बाप्पा. मले काम हायेत." मग पदराला हात पुसत तिनं विचारलं, "पन हे दिसते कोठी?"

"मुंबईत दिसतं, आजी."

"अन् इकडं?"

"इकडे अजून आलेलंच नाही."

"म्हंजे आमाले दिसत नाई, मुंबईले दिसते." तिनं पदर खोचला. "मंग घ्या." आणि आत जाऊन तिनं लग्नाकार्याचं लुगडं नेसलं.

याचं कारण शेषराव. आमचा एकुलता एक मुलगा, परळच्या एका कारखान्यात फिटर. पोळ्याला येतो म्हणायचा, पोळा गेला की चौदा एप्रिलला, ती गेली की पुन्हा पोळ्याला. रजा मिळत नाही म्हणे. त्याच्या चाळीत एका शेजाऱ्याकडं टीव्ही होता आणि संध्याकाळी सगळी चाळ त्याच्यापुढं बसते, हे त्यानंच कळवलेलं. भागिरथाच्या मनात काय आलं ते तिनं मला सांगितलं नाही, साहेबांना सांगितलं.

"भाकर टाकता टाकता म्या म्हनीन, शेषू, बाप्पा, एकडाव येऊन जाय. चालन ना?"

"नाही आजी. हा शेतीचा कार्यक्रम आहे. तुम्ही एवढंच म्हणायचं, गोबरगॅस आल्यापासून आमच्या घरात धूर राहिला नाही."

"मंग त्याले समजन कसं?"

"तुम्हाला पाहतील की ते."

यावर तिनं विचार केला आणि तिला ते पटलं. बोलणं नाही तर नाही, माय दिसली तर पोराला घर आठवेल, असा तिनं हिशोब धरला. आता ते चित्र मुंबईला नीट पोचणं ही तिला टाकीपेक्षा, म्हशीपेक्षा आणि माझ्यापेक्षा मोठी गोष्ट झाली. माझा नंबर म्हशीच्या नंतर लागतो हे त्या दिवशी दुसऱ्यांदा कळलं.

आणि तेवढ्यात जनरेटरनं जीव सोडला. दोनदा खोकला आणि बंद पडला. त्याचा कोणता तरी भाग वाशीमला बनवून आणावा लागणार होता. तेव्हा सगळ्यांनीच वाशीमला जावं, जेवून यावं, आणि दुपार कलल्यावर चित्र घ्यावं असं ठरलं. फक्त चष्मेवाले साहेब तिथंच उभे राहिले. त्यांच्या हातात बाजाच्या पेटीएवढी एक लोखंडी पेटी होती. तुपाचं भरलेलं भांडं धरावं तशी त्यांनी ती धरली होती.

मी विचारलं, "यात काय आहे?"

"ताल," ते म्हणाले. "आमचे कॅमेरे दोन आहेत. दोघांनी एका तालात चालायला हवं. तो ताल ही पेटी देते. हिच्या आत एक स्फटिक आहे, तो ठोके देतो."

"किती?" मी विचारलं. काहीतरी विचारणं भाग होतं.

त्यांनी एका सेकंदाचा आकडा सांगितला. मी जन्मभर गिट्टीचे ब्रास मोजले, पण तो आकडा माझ्या कानात मावला नाही.

"स्फटिक उबेत असला तरच ठोके बरोबर पडतात," ते म्हणाले. "गार पडला की चुकतात. मग चित्र हलतं, वाकतं, वर सरकतं. पुन्हा तापायला बराच वेळ जातो, तोवर ऊन जाईल. म्हणून आम्ही हिला विजेवरच ठेवतो." आणि त्यांनी मेलेल्या जनरेटरकडं पाहिलं.

इथं मी आमच्या लाइटचं बोललो.

माझ्या मधल्या खोलीत जमीन त्याच दिवशी सारवलेली, ओली. म्हणून पेटी बाजेवर ठेवली, तार भिंतीच्या खटक्यात घातली. पेटीवर एक लाल दिवा लागला. साहेबांनी जाताना सांगितलं, "गार पडू देऊ नका. हलवू नका. वारा लागू देऊ नका. हा दिवा चालू आहे तोवर सगळं ठीक."

ते गेले. मी दिव्यासमोर बसलो. रस्त्याच्या कामावर लाल कंदील लावून बसायची मला सवय होती. फरक इतकाच की तो कंदील विझला तर मी पुन्हा पेटवू शकत असे. हा विझला तेव्हा मी नुसता पाहत राहिलो.

लाइट गेली होती. सगळ्या गावाची गेली होती, पण गावाला त्याचं काही नव्हतं.

भागिरथा दाराशी आली. "काहून विझला?"

"लाइन गेली."

"मंग चित्र?"

मी उत्तर देण्याआधी मारोतराव आत आले. हे आमचे शेजारी, पोस्टातून रिटायर झालेले, गावात रोज पेपर वाचणारे तेवढेच. त्यांनी पेटी चारही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "स्फटिक म्हंजे काचच समजा. त्याले तनसात दाबून ठेवा. आंब्याची अढी घालतो तसं. आतल्या आत गरम राह्यते."

"आंबा पिकाचा असते, मारोतराव. हे पिकवून काय करू?"

"पिकते का नाई ते मांगून पाहू. गार तं होत नाई."

तोवर शेजारची गंगू काखेत कोंबडी घेऊन आली. "मामा, हे खुडूक हाये. अंड्यावरून उठाले तयार नाई. पेटीवर बसवून द्या. हिच्याएवढी सारखी ऊब कोनाची नाई."

"गंगू, ते मुंबईची पेटी हाये."

"मंग? कोंबडी काय मुंबई ओळखते?"

"अन् हागली तं?" मारोतराव म्हणाले.

कोंबडीचा विचार तिथंच संपला. पण गंगूला अपमान वाटला आणि ती कोंबडीसकट दारातच बसली. मी म्हणालो, मी लाइट घेऊनच येतो, तोवर कोणी कशाला हात लावू नका. घरातला कर्ता पुरुष असं म्हणून बाहेर पडला की घरातले लोक काय करतात हे मला या वयात माहीत असायला हवं होतं.

लाइनमन उदयसिंग एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात भजी खात बसला होता.

"उदयसिंग, लाइन गेली."

"तुमच्या एकट्याची का सगळ्या गावाची?"

"सगळ्या गावाची."

"मंग ते तुमची तक्रार नाई, काका. गावाची हाये. ते सरपंचानं द्या लागते."

"सरपंच अकोल्याले गेला."

"येऊ द्या मंग."

"बरं, माझ्या एकट्याची गेली असं समज."

"एकट्याची असन तं तुमचं मीटर पाहा लागन. मीटरले हात लावाले मले परवानगी नाई. त्याले साहेब लागते. साहेब वाशीमले."

"मंग तू कायले हायेस?"

"लाइन गेली तं दुरुस्त कराले."

"लाइनच गेली हाये."

"हो, पन कोनाची?"

आम्ही या रस्त्यानं आणखी एक फेरी मारली आणि पुन्हा त्याच भज्यांपाशी आलो. शेवटी मी कंटाळून म्हणालो, "तिकडं टीव्हीची पेटी गार पडून राह्यली अन् तू मले कोनाची विचारून राह्यला."

उदयसिंगचा हात थांबला. "टीव्ही आला? कोनाकडं?"

"माझ्याकडं."

"दिसते काही?"

"लाइट आली तं दिसन." हे अगदीच खोटं नव्हतं. दिवा दिसला असता.

सरपंच, साहेब, परवानगी सगळं त्या ताटलीत राहिलं. तो उठला, सायकलवर बसला आणि डी.पी.वर गेला. कोणाच्या तरी पंपानं फ्यूज उडवला होता. तो तार बांधायला लागला तसा मी समाधानानं घराकडं निघालो. आपण एक काम नीट केलं असं मला वाटत होतं. त्या दिवशीचं ते शेवटचं समाधान.

घराचं दार लोटलेलं होतं. त्यावर लुगड्याचा पडदा. उंबऱ्यावर केशरबाई बसलेली. केशरबाई म्हणजे आमच्या गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळं ती कोणालाच मोठा माणूस समजत नसे.

"पाय धून या," ती म्हणाली.

"माझ्याच घरात?"

"भायेरचं वारं नोको."

मी पाय धुतले. आत गेलो तर काही दिसेना. ओव्याचा आणि बाळंतशेपाचा धूर छतापर्यंत चढला होता. डोळे चोळून पाहिलं तेव्हा बाजेवर पेटी दिसली, म्हणजे पेटी नाही, वाकळ दिसली. आमची सगळ्यात जाड वाकळ पेटीवर सगळीकडून खोचलेली, वरून कानाला बांधतो तसं फडकं बांधलेलं. बाजेखाली शेगडी, शेगडीत गोवऱ्यांचा लालभडक विस्तव.

"हे काय केलं, केशरबाई?"

"साहेबानं काय सांगतलं होतं?"

"गार पडू देऊ नका."

"अजून?"

"हलवू नका. वारा लागू देऊ नका."

"मंग?" केशरबाई म्हणाली. "हे तं बाळंतिनीचं पथ्य झालं. म्या जन्मभर दुसरं काय केलं?"

मी यात चूक शोधू लागलो. मला सापडली नाही. आजही मी अधूनमधून शोधतो. गार पडू द्यायचं नाही, हलवायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, आणि जाळावर तर ठेवायचं नाही. अशी वस्तू सांभाळायची रीत आमच्या गावाला एकच ठाऊक होती, आणि त्या रीतीनं कधी कोणी दगावलं असेल तर ते केशरबाईच्या हातून नाही.

एवढ्यात खोलीतला बल्ब लागला. धुरातून तो ढगाआडच्या चंद्रासारखा दिसला. वाकळीखाली कुठंतरी लाल दिवाही लागला असणार.

"आली लाइट," मी म्हणालो. "आता काढा शेगडी."

"अजी, शेक असा एकदम तोडत नसतेत," केशरबाई म्हणाली. "हळूहळू कमी करा लागते. एकदम तोडला तं वात धरते."

"पेटीले वात?"

"हातापायाच्या मानसाले धरते, तं पेटी काय मोठी?"

मारोतराव म्हणाले, त्यांनीही असं कुठंतरी वाचलं आहे. मी भागिरथाकडं पाहिलं. ती म्हणाली, "राहू द्या ना. कमी पडन त्यापरीस जास्त बरं. चित्र नीट गेलं पाह्यजे मुंबईले."

म्हणजे आता पेटीला आतून वीज तापवत होती आणि खालून गोवऱ्या. बाहेर उदयसिंग टीव्ही पाहायला येऊन बसला होता. त्यालाही केशरबाईनं पाय धुवायला लावलं, आणि आत आल्यावर त्याला वाकळ दाखवली.

वाशीमहून मोटार आली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. चष्मेवाले साहेब घाईनं दाराशी आले. केशरबाईनं त्यांच्यापुढं तांब्या ठेवला. ते पाय धुवून आत आले. मुंबईचा माणूस असून एवढं ऐकलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

त्यांनी वाकळ काढली. फडकं सोडलं. पेटीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. मग वाकून बाजेखाली पाहिलं.

"हे काय आहे?"

"शेक," केशरबाई म्हणाली.

"आणि वास?"

"ओवा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोर तेच होतं. मला म्हणाले, "वीज गेली होती?"

"गेली होती, पण पाहा, लाल दिवा चालू आहे."

ते बाजेच्या कडेला बसले. ते रागावले असते तर मला कळलं असतं की चुकलं. ते रागावले नाहीत, म्हणून मी आणखी गोंधळलो. पेटीला पुन्हा बोट लावून म्हणाले, "गार पडला नाही, एवढं मात्र खरं."

केशरबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खाली पाहिलं.

मग जनरेटर सुरू करून पेटी मोटारीत नेली, तारा जोडल्या. कार्यक्रमाचे साहेब छोट्या पडद्यात पाहून म्हणाले, "ठीक दिसतंय की."

"हा पडदा पेटीच्याच तालावर चालतो," चष्मेवाले म्हणाले. "ती चुकली तर हाही तिच्याबरोबर चुकणार, आणि आपल्याला बरोबरच दिसणार. लोकांच्या घरी काय दिसेल ते मला सांगता येत नाही."

"ऊन चाललंय," कार्यक्रमाचे साहेब म्हणाले.

भागिरथा गॅसपाशी बसली. निळी ज्योत, पांढरी भाकर, सगळं छान होतं. मागच्या दारातून मी आणि म्हैस दिसत होतो. पण पेटी बाहेर नेताना मधल्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं आणि आतला सगळा धूर वाट काढत स्वयंपाकघरात आला. त्यात केशरबाईनं, पेटीला बाहेर वारा लागेल म्हणून, शेगडीत ओव्याची आणखी एक मूठ टाकली.

"बोला आजी."

"गोबरगॅस आल्यापासून," भागिरथा म्हणाली आणि खोकली. "आमच्या घरात धूर," पुन्हा खोकली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. "राह्यलाच नाई."

"हा धूर कुठून येतोय?"

"गॅसचा नाही," पंचायत समितीचे साहेब म्हणाले. "लिहून घ्या, गॅसचा नाही."

पुन्हा घेतलं. तेच वाक्य, तोच खोकला, आधीपेक्षा जास्त पाणी. म्हशीला ओवा मानवला नाही. ती धुराकडं पाठ करून निघाली. तिच्यामागं दोरी आणि दोरीमागं मी. मी परत येईपर्यंत सामान मोटारीत चढलं होतं.

भागिरथा चष्मेवाल्यांना विचारत होती, "दिसन ना म्या?"

"दिसाल, आजी," ते तारा गुंडाळत म्हणाले.

कार्यक्रम कधी दाखवणार ते त्यांनी सांगितलं होतं. मी शेषरावला कार्ड टाकलं. त्या संध्याकाळी भागिरथा तेच लुगडं नेसून दारात बसली, तोंड रस्त्याकडं करून.

मी म्हणालो, "इकडून काही दिसत नाई."

"म्या कोठं पाहून राह्यली?" ती म्हणाली. "तो पाहून राह्यला असन."

पुढच्या आठवड्यात मी स्टँडवर उगाच बसलो होतो. अकोल्याची गाडी आली आणि पायरीवर शेषराव दिसला. दाढी वाढलेली, हातात थैली. त्यानं मला पाहिलं आणि तो पायरीवरच थांबला. मागची माणसं त्याला ढकलू लागली तेव्हा उतरला.

"बा, तू हायेस?"

"मी कोठं जाईन?"

"जय भीम," तो म्हणाला, आणि लगेच माझं मनगट धरलं. "माय कशी हाये?"

"बरी हाये."

"लपवू नोको. म्या पाह्यलं. सगळ्या चाळीनं पाह्यलं. माय लटलट कापत होती. मान एकीकडं, धड एकीकडं. मंधातच वर सरके. डोळ्याले धारा लागलेल्या. अन् मांगं तू नाई, नुसती दोरी दिसली. चाळीतल्या बाया म्हने, मानूस गेला असन, बाई एकटी रडून राह्यली."

पेन्शनीतल्या माणसाला परळच्या एका चाळीनं अशा रीतीनं संपवलेलं मला त्या वेळी कळलं. मी त्याला घराकडं घेऊन निघालो, तो वाटेतच भागिरथा भेटली. डोक्यावर कापसाच्या पऱ्हाटीचा भारा, मान ताठ, झपझप चालत. पोराला पाहिलं आणि भारा होती तिथंच टाकला.

घरी आल्यावर मी त्याला सगळं समजावलं. ताल, स्फटिक, ठोके, ऊब. तो फिटर माणूस, त्यानं मला दोन-तीन प्रश्न विचारले आणि माझ्याजवळचं ज्ञान संपलं. मग मारोतरावांनी येऊन वेगळंच समजावलं. शेवटी वीज कमी पडली, शेक जास्त झाला की ओवाच आत गेला, हे आम्हा तिघांपैकी कोणाला कळलं आणि कोणाला नाही, तेही कळेना. पण शेषरावनं त्यातून एवढं काढलं की मायला काही झालेलं नाही.

त्यानं सुस्कारा सोडला. "बरं झालं. म्या रजा न लिहिताच निघून आलो. सकाळच्या गाडीनं निघतो मंग."

भागिरथा चहा घेऊन येत होती. बशीत कप वाजला. मी वर पाहिलं. तिचा हात थरथरत होता. मग मानही हळूहळू एका बाजूला गेली. ते चित्र तिनं कधी पाहिलेलं नव्हतं, आत्ता वाटेनं पोराकडून ऐकलं तेवढंच.

"शेषूची माय," मी म्हणालो, "ते तं पेटीचं..."

तिनं त्या वाकड्या मानेनंच माझ्याकडं पाहिलं. पेटीबद्दल मला आणखी काही बोलावंसं वाटलं नाही.

शेषराव उठला. त्यानं तिच्या हातातला कप काढून फळीवर ठेवला, तिला धरून बाजेवर बसवलं. "बा, तू तं म्हने काही नाई. हे काय हाये?"

मी काय सांगणार होतो? खरं सांगायचं तर एक क्षण मीसुद्धा तिच्या हाताकडं पाहत राहिलो. त्यानं थैलीतून सदरा काढला, झटकला आणि खुंटीला टांगला. "अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवल्याबिगर म्या जात नाई. रजेचं पाहू मांगून. पह्यले मारोतरावले डॉक्टरचं नाव विचारून येतो." आणि तो बाहेर पडला.

त्याच्या चपलांचा आवाज लांब गेल्यावर भागिरथानं फळीवरचा कप उचलला आणि सरळ मानेनं चहा पिऊन टाकला.

"काहून पाहून राह्यले?" ती म्हणाली. "जा, दुकानातून गूळ आना. अन् वाटेत त्याले सांगा, दवाखाना काही पळून जात नाई. आठ-पंधरा दिसानं जाऊ."